चौथं वर्ष

तिसऱ्या मजल्यावरून चर्चगेटचं निळं टर्फ दिसतं.
माळी नाही तिथं, फवारे आहेत, घड्याळावर चालणारे.
टर्फ ओलं असलं की चेंडू शब्द पाळतो.
एवढं मला अजून कळतं.
बाकी मी आता चौकटी भरतो.

मर्यादा सहा कोटी. माणसं चोवीस.
आईने हा शब्द मला वेगळ्या अर्थाने शिकवला होता.
एक घोटा डच आहे, त्याचेच एक कोटी दहा लाख.
कॉर्नरला तो नुसता वाकला
तरी समोरचा गोलकीपर हेल्मेट चाचपतो.
त्या घोट्याला जागा करायची
म्हणजे कुठून तरी पोरं स्वस्तात उचलायची.
आमच्यात याला धोरण म्हणतात,
पत्रकात, युवा गुणवत्तेवरचा विश्वास.

जॉयसन घोन्साल्विस, एकोणीस, लेफ्ट हाफ, वसईचा.
समोरच्याचा पास सुटायच्या आधी हा तो ऐकतो.
अहवालात मी हे लिहिलं नाही.
लिहिलं: विकासाला वाव.
वाव स्वस्त पडतो.

तीन वर्षं. नऊ लाख, दहा, अकरा.
चौथं वर्ष क्लबच्या मर्जीवर, अकरातच.
त्या ओळीची अक्षरं मी बारीक केली नाहीत,
बारीक अक्षरं लोक मुद्दाम वाचतात.
मी ती मधोमध ठेवली,
विम्याच्या खाली, बुटांच्या वर.

पोरगा सही करायलाच आला होता,
पेन बोटांत फिरवत, स्टिक फिरवावी तसं.
बाप म्हणाला, थांब.

इनास घोन्साल्विस. सोनचाफ्याची साठ झाडं.
शर्टाच्या खिशावर पिवळट डाग.
बोट एकेका ओळीखालून सरकलं,
बुटांपर्यंत गेलं आणि मागं आलं.
"हे चौथं वर्ष कोणाचं?"
मी म्हणालो, दोघांचं.
"मग मर्जी एकाचीच कशी?"

आमचे सीईओ छान हसले. पाणी मागवलं.

"साहेब, चाफा आम्ही अंधारात तोडतो.
दादरला पहाटे जो भाव असतो, तो नवाला नसतो.
ते चालतं. फुलाचं तसंच असतं.
पण झाड लिहून द्या असं अजून कोणी म्हणालं नाही."
मग हळूच, पोराकडे न बघता,
"आणि गुडघा गेला तर?"

मी गप्प राहिलो.
त्यानं ते उत्तर ऐकलं.
ऐकणं कुठून आलंय ते तेव्हा कळलं.

माझा करार दोन ओळींचा होता, शहाऐंशी साली.
बँकेत हजर व्हा. बँकेसाठी खेळा.
गुडघा गेला तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली
आणि अठ्ठावीस वर्षं मी त्या खुर्चीत
लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्या.
चांगलं होतं की वाईट, सांगता येत नाही.
पेन्शन येते.

"दर वर्षाचा एक लाख कापा," म्हातारा म्हणाला,
"आणि चौथं वर्ष आमचं आम्हाला द्या."

सीईओंनी टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला.
तीन लाख सुटत होते! एवढ्यात
घोट्याचा फिजिओ येतो, महिनाभर, राहण्यासकट.
माझ्या वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीने
त्या चौथ्या वर्षासमोर एक आकडा होता:
चाळीस. कदाचित पंचेचाळीस.
"काय म्हणता?" त्यांनी विचारलं.
वही मिटलेली होती.
बरं पडेल, मी म्हणालो.

ओळ खोडली. दोघांनी खोडण्याशेजारी आद्याक्षरं घातली.
बापाने पेन झाकण लावून परत दिलं,
पानात गुंडाळलेली सात फुलं टेबलावर ठेवली
आणि कोणालाच दिली असं म्हणाला नाही.

खाली फवारे सुरू झाले.
जॉयसन दारापर्यंत गेला, वळला.
"सर, बूट तरी क्लबचेच ना?"
वर्षाला दोन जोड, मी म्हणालो,
सोळावं कलम.
"मला डाव्याला अर्धा नंबर मोठा लागतो."

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.